जरा जीभ बाहेर काढा

गेल्या पावसाळ्यात माझं तोंड आलं होतं. जाईची पानं चघळून झाली, तूप लावून झालं, आणि एका रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहिलो. शेंड्याजवळचा फोड बघता बघता नजर पार मागे गेली. तिथे गाठीच गाठी, त्याही रांगेत मांडल्यासारख्या! झोप उडाली.

सकाळी ओळखीच्या दंतवैद्य बाईंकडे धावलो. त्यांनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि त्या हसल्या. "या गाठी तुम्ही जन्माला येताना बरोबर आणल्यात." जिभेच्या मुळाशी उलट्या 'व्ही'च्या आकारात असे ८ ते १२ मोठे उंचवटे असतात. भुईकोट किल्ल्याला असावा तसा प्रत्येकाभोवती बारीक खंदक, आणि खंदकाच्या भिंतीत चव ओळखणाऱ्या पेशी. असतात सगळ्यांनाच, पण एरवी तिकडे बघायला जातो कोण? ओशाळलोच, पण कुतूहलही वाटलं. परवानगी घेऊन एक सकाळ त्यांच्या दवाखान्यात कोपऱ्यात बसलो.

जीभ तपासणं बघण्यासारखं असतं. जीभ निसरडी, शिवाय भित्री. हात लागला की आत पळते. म्हणून बाई गॉजच्या घडीत शेंडा चिमटीत धरतात आणि हलकेच बाहेर ओढतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दुसऱ्या हातातल्या छोट्या आरशाने गाल बाजूला सारून कड पार मागपर्यंत बघायची. मग "शेंडा टाळूला लावा" म्हणत खालची बाजू. शेवटी हातमोजा घातलेलं बोट कडेवरून सावकाश फिरतं. "डोळ्याला लाल-पांढरं दिसतं, कडक आहे की मऊ ते बोटालाच कळतं," असं त्यांचं म्हणणं.

कॉलेजातली एक मुलगी रडवेली होऊन आली होती. शेंड्यावर मोहरीएवढा पांढुरका दाणा, ठणका मात्र डोक्यात जाणारा. तिथले लाल ठिपके चवीचे. कढत चहाने, तिखटाने किंवा चावल्याने त्यातला एखादा सुजतो आणि दोन-चार दिवसांत बसतो. इंग्रजीत त्याला 'लाय बम्प' म्हणतात, म्हणजे खोटं बोलल्याचा फोड. आपल्याकडे सगळं 'उष्णते'वर ढकलतात, तेवढी तरी अब्रू राहते. तिच्यामागून एक मुलगा आला, त्याच्या जिभेवर जागा बदलणारे नकाशासारखे चट्टे होते, निरुपद्रवी. एका आजींच्या जिभेच्या कडेला गुळगुळीत गाठ होती. बाईंनी आधी गाठीकडे नाही, तिच्यासमोरच्या दाढेकडे पाहिलं. दाढेचा कोपरा तुटून धारदार झाला होता, आणि जीभ दिवसभर त्यावर घासत होती. कोपरा घासून गुळगुळीत केला. "आजी, दोन आठवड्यांनी परत दाखवायचं. बरं वाटलं तरी यायचं." गाठ राहिलीच, तर ती काढून तपासायला पाठवायची.

दोन आठवडे हा त्यांचा कायदा. त्यानंतरही टिकणारी जखम, चट्टा किंवा गाठ त्या साधी धरत नाहीत. कडेला मागच्या बाजूला उभ्या घड्यांसारखे उंचवटे जन्मजातच असतात, ते सुजले की लोक हादरून येतात. पण जिभेचा कर्करोगही बहुतेक वेळा कडेलाच सुरू होतो, आणि सुरुवातीला तो बरेचदा दुखतच नाही. त्यामुळे फोड ठणकणारे लोक धावत येतात. ज्यांनी यायला हवं ते घरी बसतात.

शेवटचा पेशंट रिक्षावाला, पन्नाशीचा. दाढ दुखत होती. बाई म्हणाल्या, "दादा, तोंड उघडा. अजून. अजून थोडं." एरवी स्वतःची तीन बोटं उभी मावतात, यांची दोनच मावली. गुटख्याने तोंड असं आखडत जातं. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली झाली. टपऱ्यांपर्यंत ती पोचायची आहे. जिभेच्या कडेवर पांढरा चट्टा होता, गॉजने पुसून निघेना. त्यालगत एक जखम. तिच्यावर बोट थांबलं, परत मागे आलं, पुन्हा थांबलं.

"हे कधीपासून?"

"असेल दोन-तीन महिने. दुखत नाही काही."

बाईंनी मानेवरून दोन्ही बाजूंना हात फिरवला, मग मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. तुकडा काढून तपासावा लागेल, आजच जा, असं दोनदा सांगितलं. दादांनी चिठ्ठी घेतली, चौघडी करून खिशात टाकली.

"बरं. आणि मॅडम, दाढेचं काय?"