दुर्गाबाई देशमुख : संविधान सभेपासून समाजकल्याणापर्यंत

स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत पंधरा महिला सदस्य होत्या. त्यांपैकी दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आज प्रामुख्याने समाजकल्याणाच्या संदर्भात घेतले जाते. परंतु त्यांचे समाजकार्य आणि त्यांचे राजकारण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. कायद्याने दिलेला हक्क अशिक्षित स्त्रीच्या हाती प्रत्यक्ष कसा पडावा, हा एकच प्रश्न त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी होता.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी जाणत्या वयात नाकारला. मुलींना हिंदी शिकविण्यासाठी लहान वयातच त्यांनी पाठशाळा चालविली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात त्या स्वयंसेविका होत्या. तेथील प्रदर्शनात तिकिटाशिवाय कोणासही प्रवेश द्यावयाचा नाही, अशी आज्ञा होती. खुद्द पंडित नेहरू आले असता या चौदा वर्षांच्या मुलीने त्यांनाही अडविले आणि तिकीट आणल्यावरच आत सोडले.

मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला. तेथे निरक्षर आणि कायद्याचे कोणतेही ज्ञान नसलेल्या स्त्री-कैद्यांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. सुटकेनंतर त्यांनी खंडित शिक्षण पुन्हा हाती घेतले. बनारसची मॅट्रिक, आंध्र विद्यापीठाची पदवी आणि त्यानंतर मद्रास येथे कायद्याचे शिक्षण असा टप्पा त्यांनी गाठला. १९३७ साली स्थापन केलेल्या आंध्र महिला सभेतून त्यांनी आपल्यासारख्याच शाळा सुटलेल्या मुलींना परीक्षेस बसविण्याची सोय केली.

संविधान सभेच्या तालिका-अध्यक्षांत त्या एकमेव महिला होत्या. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी किमान वय ३५ ऐवजी ३० असावे, ही दुरुस्ती त्यांनी मांडली. आजच्या संविधानात तीच वयोमर्यादा आहे. स्त्रियांच्या वारसा हक्काचाही त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला.

१९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांना यश आले नाही. तथापि, या पराभवाने त्यांचे सार्वजनिक जीवन संपले नाही. नियोजन आयोगाच्या सदस्य म्हणून त्यांच्याकडे समाजसेवेचा विषय आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद झाली. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गावागावांतून आधीच काम करीत असलेल्या संस्थांना बळ द्यावे, सरकारने सर्व काही स्वतःच करू पाहू नये, हे या मंडळामागील सूत्र होते. ग्रामीण भागात बालवाडी, प्रसूतिसेवा, प्रौढ साक्षरता व हस्तोद्योग यांची एकत्रित केंद्रे त्यातून उभी राहिली. प्रौढ स्त्रियांसाठी मंडळाने १९५८ मध्ये सुरू केलेले संक्षिप्त अभ्यासक्रम म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचेच व्यापक रूप होते.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुळले ते १९५३ च्या जानेवारीत. त्या वेळचे केंद्रीय अर्थमंत्री आणि कुलाबा जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी चीनच्या दौऱ्यात त्यांनी कौटुंबिक न्यायालयांचा अभ्यास केला आणि भारतातही अशी न्यायालये असावीत, या विचाराचा पुरस्कार मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा करून केला. त्यासंबंधीचा कायदा १९८४ साली झाला. तो पाहावयास दुर्गाबाई हयात नव्हत्या. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

१९५८ साली नेमलेल्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. खेड्यात मुली शाळेत याव्यात, तर तेथे शिक्षिका हव्यात आणि शिक्षिका टिकाव्यात, तर त्यांच्या निवासाची सोय हवी, ही समितीची भूमिका होती. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न गावातील एका साध्या घरापाशी येऊन ठेपतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्राने २०११ साली पंचायत राज संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ग्रामसभेत स्त्री बसू लागली, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु समोर ठेवलेला ठराव तिला वाचता यावा, अंदाजपत्रकातील आकडा विचारता यावा आणि विचारल्यावर उत्तर मिळावे, तेव्हाच तो हक्क खऱ्या अर्थाने तिचा होतो. ही जबाबदारी जितकी पंचायत सदस्यांची, तितकीच गावातील शिक्षकाची आणि कार्यालयातील अधिकाऱ्याचीही आहे.