वसईचा तह, १७३९

मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या सुरुंगांनी वसईच्या किल्ल्याचा सेंट सेबॅस्टियन बुरुज फोडला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीज शरण आले. तहाच्या अटी मात्र हरलेल्याची लाज राखणाऱ्या होत्या. शिबंदीने हत्यारांसह, निशाणे फडकावत, नगारे वाजवत बाहेर पडावे. रहिवाशांनी चीजवस्तू सोबत न्यावी. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळता यावा. वेढ्यात बरीच माणसे गमावूनही अप्पांनी सूड उगवला नाही, हे त्यांचे खरे मोठेपण. २३ मे रोजी पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. वसईच्या या मोहिमेत मिळालेल्या मानल्या जाणाऱ्या चर्चच्या घंटा भीमाशंकर आणि वाईजवळच्या मेणवलीला आजही पाहता येतात.