कामाची लेखणी : भाग ५ – मुद्दा पहिल्या वाक्यात

मागच्या आठवड्यात आपण पत्राच्या विषयाची ओळ पाहिली. आज त्याखालचं पहिलं वाक्य.

‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनम्रपणे कळविण्यात येते की, आमची कंपनी गेली अनेक वर्षे तारापूर औद्योगिक वसाहतीत कार्यरत असून...’ अशी सुरुवात बोईसरच्या कुठल्याही कारखान्याच्या जावक फाइलीत सापडेल. चुकीचं त्यात काहीच नाही. फक्त इथवर वाचून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हा वाचणारा कोण, ते आधी पाहू. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेलं पत्र पहिल्यांदा बारनिशीत जातं. तिथे आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो. मग ते टपालाच्या गठ्ठ्यातून साहेबांसमोर येतं आणि ‘तपासून सादर करा’ असा शेरा घेऊन एखाद्या टेबलावर पोहोचतं. आपली मागणी तिसऱ्या परिच्छेदात असली, तर पत्र भलत्याच टेबलावर जायला वेळ लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याच्या खेपा कमी झाल्या, हे खरं. पण गठ्ठ्यातल्या पत्राशेजारी उभं राहून ‘साहेब, आमचं म्हणणं असं आहे’ हे सांगायला आपण अजूनही तिथे नसतो. ते काम पहिल्या वाक्याचं.

म्हणून पहिल्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात : काय झालं, काय हवं, कधीपर्यंत. एमआयडीसीच्या उपअभियंत्यांना लिहायचं असेल, तर असं : ‘आमच्या भूखंडाचा पाणीपुरवठा सोमवार सकाळपासून बंद आहे, मीटरजवळची गळती उद्यापर्यंत दुरुस्त करून मिळावी.’ कंपनीचा इतिहास हवाच असेल तर खाली द्या. भूखंड क्रमांक, ग्राहक क्रमांक, आधीच्या पत्राची तारीख यांची जागा ‘संदर्भ’ या ओळीत. पहिल्या वाक्यावर त्यांचं ओझं नको.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देताना तर हे फारच जपावं लागतं. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळाला कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देता येतात. तरीही कित्येक उत्तरं ‘आम्ही नेहमीच पर्यावरणाबाबत जागरूक आहोत’ अशी सुरू होतात. अधिकाऱ्याला तुमची जागरूकता मोजायची नसते, मुद्दे मोजायचे असतात. म्हणून : ‘नोटिशीतील चारपैकी तीन त्रुटी दूर केल्या असून छायाचित्रे व चाचणी अहवाल सोबत जोडले आहेत, चौथ्या त्रुटीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी.’ अर्थात, झालेलं नसेल ते ‘झालं’ म्हणून लिहू नये. पाहणीला माणूस येतोच.

मुद्दा आधी म्हणजे धमकी आधी, असं मात्र नव्हे. थकलेल्या बिलाचं पत्र घ्या. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण पहिल्याच स्मरणपत्राच्या पहिल्याच वाक्यात कलम ठोकलं, तर बिल निघेलही, पुढची ऑर्डर निघणार नाही. ‘१२ तारखेला देय असलेले आमचे बिल अद्याप जमा झालेले नाही, या आठवड्यात जमा करावे, ही विनंती’ एवढं पुरतं. कायदा दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा.

पत्र पाठवण्याआधी एक करून पाहा. पहिलं वाक्य हाताने झाका आणि उरलेलं वाचा. काहीच अडलं नाही, तर ते वाक्य खुशाल खोडा. तुमची खरी सुरुवात त्याच्या खाली आहे.

पुढच्या आठवड्यात : सोबतच्या कागदपत्रांची यादी कशी लिहावी.