विद्यापीठातला शोध आणि गरिबाचं लोणी

इथे बसलेल्यांपैकी काही जणांच्या गोळ्यांच्या डबीत वॉरफरिन असेल. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी. तिच्या इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं म्हणजे एका संस्थेची आद्याक्षरं आहेत, विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन. तिला वॉर्फ म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शोध बाजारात नेण्यासाठी ती १९२५ साली निघाली. (हे रसायन आधी उंदीर मारायला विकलं गेलं, माणसांसाठी नंतर आलं!)

ज्ञानावर मालकी असू शकते का, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना प्रश्न. व्यवहारात तो कसा उतरतो ते आज पाहू.

व्यवहाराची रीत फार अवघड नाही. संशोधकाने शोध लागल्यावर निबंध छापण्याआधी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाला कळवायचं. आधी छापलं तर बऱ्याच देशांत पेटंट हातचं जातं. कार्यालय पेटंटसाठी अर्ज करतं, कंपनी शोधतं आणि तिला परवाना देतं. म्हणजे शोध विकायचा नाही, घर भाड्याने द्यावं तसा वापरायला द्यायचा. रॉयल्टी आली तर संशोधक आणि विद्यापीठ यांच्यात वाटणी होते. आली तर, असं म्हणायचं कारण, पुष्कळ पेटंटांचा खर्चसुद्धा निघत नाही.

पण घरमालकाला जसं 'तुम्हाला घर देणार नाही' म्हणता येतं, तसं विद्यापीठाला म्हणता येतं का? इथे आपण जरा थांबू.

१९२० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक नावाचे प्राध्यापक होते. अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, असं त्यांना आढळलं. त्या काळी मुलांमध्ये मुडदूस सर्रास दिसे, हाडं वाकत. त्यावर हा साधा, स्वस्त उपाय होता. क्वेकर ओट्स कंपनीने त्यांना लाखो डॉलर देऊ केले. स्टीनबॉक यांनी ते नाकारले, पदरचे पैसे घालून पेटंटचा अर्ज केला आणि पेटंट विद्यापीठाला देऊ केलं. विद्यापीठ कचरलं, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी वेगळी संस्था काढली, तीच वॉर्फ. शोध भोंदूंच्या हाती पडू नये आणि मिळकत पुन्हा संशोधनात जावी, असा हेतू होता. इथवर कोणालाही आदर वाटावा अशीच गोष्ट आहे.

मात्र विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य. तिथल्या शेतकऱ्याचा शत्रू म्हणजे मार्गारीन, लोण्याऐवजी पावाला लावायचा स्वस्त पदार्थ. आपल्याकडे तुपाला डालडा, तसंच ते. वॉर्फने ओट्सवाल्यांना परवाना दिला, औषध कंपन्यांना दिला, मार्गारीनवाल्यांना दिला नाही. आता पहा, लोणी ज्याला परवडत नाही तो मार्गारीन खाणार, आणि मुडदुसाचा धोकाही त्याच्याच घरातल्या मुलांना अधिक. शोध ज्यांच्यासाठी सर्वांत गरजेचा, त्यांच्याच ताटाशी येऊन तो अडला. स्टीनबॉक यांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी ते प्रामाणिक होते, इतकंच. पण विद्यापीठाचा शेजार कुठपर्यंत असतो?

१९४० च्या दशकात प्रकरण संघीय अपील न्यायालयात गेलं आणि पेटंटं अवैध ठरली. कारण तांत्रिक होतं, यात पेटंट देण्याजोगं नवं काही नाही. तरी निकालपत्रात न्यायाधीशांनी गरिबांच्या मार्गारीनचा विषय काढलाच.

पुढे १९८० मध्ये अमेरिकेत बाय-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येऊ लागली. मार्गारीनसारखा प्रसंग येईल हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात होतं असं म्हणायला हवं, कारण लोकांची गरज भागत नसेल तर सरकारने मध्ये पडून दुसऱ्याला परवाना द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. पहिल्या चाळीस वर्षांत ती एकदाही वापरली गेली नाही.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, सरकारी अनुदानाच्या मदतीने, प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं एन्झालुटामाइड हे औषध निघालं. अमेरिकेत ते इतर श्रीमंत देशांच्या कितीतरी पट महाग. रुग्णांनी ही तरतूद वापरा म्हणून अर्ज केला. २०२३ मध्ये तो नाकारला गेला. मधल्या काळात, २०१६ साली, विद्यापीठाने आपल्या वाट्याची रॉयल्टी कोट्यवधी डॉलरना विकून टाकली होती. त्याच वर्षी भारताच्या पेटंट कार्यालयाने या औषधाचा पेटंट अर्ज फेटाळला. अर्ज विद्यापीठाच्या नावावर होता. त्या निर्णयाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात कोण गेलं? विद्यापीठच.