फळ्यावरचे शब्द

परगावच्या एका स्नेह्यांना घेऊन गिरगावातल्या एका जुन्या उपाहारगृहात गेलो होतो. इटालियन हॉटेलात पानिनी म्हणजे काय, ते मेन्यूकार्डावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. इथे भिंतीवर फळा, त्यावर नुसती नावे आणि दर. स्नेही म्हणाले, ''यातलं अस्सल मराठी कोणतं ते सांगा, तेच खातो.'' मी अडचणीत आलो.

मिसळ सोपी, संस्कृत 'मिश्र' आणि आपले 'मिसळणे' एकाच गोत्रातले. पण मिसळीबरोबर पाव येतो आणि पाव पोर्तुगीज. त्याचे मूळ लॅटिन 'पानिस'. इटालियनांचा 'पाने' हाही त्याचाच वंशज, म्हणजे पानिनी आपल्या पावाची चुलत बहीण झाली. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, असे अजूनही छातीठोक सांगणारे भेटतात. दोन्ही व्युत्पत्त्या खोट्या, आणि दुसरी तर निरागसही नाही. पाव खाल्ला की धर्म बुडाला, असे मानण्याचा एक काळ होता. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावे बाटवल्याच्या गोष्टी वसई-गोव्याकडे सांगत असत. त्याच पावात १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा घातला, असे सांगतात. पुढे परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला पाळीवर जाता-येता त्याचाच आधार झाला.

वडा मात्र आपला, संस्कृत 'वटक'. पण त्याच्या पोटात बटाटा! हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा, आणि तिथे त्याचा अर्थ रताळे. पोर्तुगीजांबरोबर तो इथवर आला. मिरचीही अमेरिकेचीच, फक्त नाव आपण घरातल्या मिरीवरून दिले.

''मग उपासाचं तरी?'' स्नेह्यांनी विचारले. साबुदाण्यातला 'साबू' म्हणजे मलय भाषेतला 'सागू', एका ताडासारख्या झाडाचा गर. आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे तयार होतो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची: एकादशीच्या ताटलीतले यांतले काहीही ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात नव्हते.

इराण्याकडचा मस्का फारसी, हे कुणालाही पटते. मुरंब्याचे पटत नाही. तो अरबी 'मुरब्बा'. मराठी कानाने त्यात आंबा ऐकला असावा, आणि मुरलेला आंबा तो मुरंबा, असे नवे कुळ त्याला मिळाले. भाषेने केलेले इतके गोड दत्तकविधान मला दुसरे ठाऊक नाही. माझे नाव ऐकून लोक अजून विचारतात, ''मराठी इतकं छान कुठे शिकलात?'' घरी, मुरंबा खाता खाता, असे सांगावेसे वाटते.

राहता राहिले पियूष. नाव शुद्ध संस्कृत, अमृत या अर्थाचे. पण पियूषाने पोट भरत नाही. स्नेह्यांनी शेवटी मिसळ मागवली, ''पाव नको'' असे बजावून. रस्सा तिखट निघाला. दुसऱ्या घासाला त्यांनी पोऱ्याला हाक मारली आणि चार पाव आणायला सांगितले.