गुडघा बरा का होत नाही?

धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीत सर्वाधिक आढळणारे दुखणे वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे असते. ‘रनर्स नी’ या नावाने ते ओळखले जाते. जिना उतरताना, उकिडवे बसताना, बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर उठताना आणि धावायला लागल्यावर थोड्या अंतराने ते जाणवते. कुठे पडल्याचे, मुरगळल्याचे आठवत नाही, सूजही फारशी नसते. त्यामुळे सुरुवातीला त्याकडे काणाडोळा होतो आणि तीन महिने उलटूनही दुखणे राहिले की ते जुनाट होत जाते.

२००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत भरते. तिच्या सरावासाठी पावसाळ्यापासूनच मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्क पहाटे धावपटूंनी गजबजू लागतात. ४२.१९५ किलोमीटरची तयारी करताना आठवड्याचे अंतर वाढत जाते, पेडर रोडच्या चढ-उताराचा सराव सुरू होतो आणि गुडघ्याच्या तक्रारीही याच काळात डोके वर काढतात.

वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या कंडरेत बसवलेले लहान हाड आहे. गुडघा दुमडताना ती मांडीच्या हाडाच्या खोबणीतून सरकते. सपाट रस्त्यावर चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. जिना चढता-उतरताना तो सुमारे तिप्पट, धावताना पाचपटीच्या आसपास आणि पूर्ण उकिडवे बसताना सात-आठपट होतो. सांध्याला हा भार सवयीने पेलवतो, पण सवय लागण्याआधी तो वाढला की वाटीभोवतालच्या संवेदनशील ऊती दुखू लागतात.

प्रत्येक गुडघेदुखी मात्र वाटीची नसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर आणि विशेषतः उतारावर बोचणारे दुखणे बहुधा मांडीच्या बाहेरून येणाऱ्या पट्ट्याचे असते. वाटीच्या खालच्या टोकाशी बोट ठेवून दाखवता येणारी दुखरी जागा कंडरेची तक्रार सुचवते. सांध्याच्या फटीतले दुखणे आणि मध्येच गुडघा अडकणे सांध्यातल्या गादीच्या (मेनिस्कस) इजेकडे बोट दाखवते. कधी खुब्यातले दुखणेही गुडघ्यात जाणवते. निदान चुकले की उपचार महिनोन्‌महिने चालूनही फळ मिळत नाही.

निदान बरोबर असूनही दुखणे रेंगाळण्याचे मुख्य कारण म्हणजे विश्रांती आणि धाव यांचे चुकीचे चक्र. दुखले की धावणे पूर्ण बंद होते. दोन-तीन आठवड्यांत वेदना ओसरते, पण तोवर मांडीचे आणि नितंबाचे स्नायू सैलावलेले असतात. मग पुन्हा पूर्वीच्याच अंतराने, पूर्वीच्याच वेगाने सुरुवात होते आणि गुडघा पुन्हा कुरकुरतो. पेनकिलर घेऊन धावल्यास धोक्याची सूचनाच ऐकू येत नाही.

दुसरे कारण धावण्याबाहेरच्या भाराचे. लालबाग-परळच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारा, दादरचा रेल्वे पूल रोज दोनदा ओलांडणारा, जमिनीवर मांडी घालून जेवणारा माणूस धावणे थांबवूनही गुडघ्याला विश्रांती देत नाही. घरातले जिने, भारतीय पद्धतीचे शौचालय, गणेशोत्सवात तासन्‌तास उभे राहणे हे सगळे त्याच हिशेबात जमा होते. रस्त्याचाही वाटा असतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो आणि रोज एकाच कडेने धावल्यास एका पायावर वेगळा ताण येतो. शिवाजी पार्कभोवती फेऱ्या घेताना दिशा बदलणे किंवा अधूनमधून मरीन ड्राइव्हच्या सपाट पदपथावर धावणे, हे सोपे बदल आहेत.

तपासणीतही गोंधळ होतो. एमआरआयमध्ये दिसणारी गादीची चीर किंवा कुर्चेची झीज काहीही न दुखणाऱ्या अनेक मध्यमवयीन माणसांतही आढळते. म्हणून अहवालापेक्षा वेदनेची जागा, ती वाढवणारी हालचाल आणि स्नायूंची ताकद यांना महत्त्व असते. धावल्याने गुडघे झिजतातच, ही समजूतही टिकत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पाहणीत हौशी धावपटूंमध्ये खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात सुमारे ३.५ टक्के, तर न धावणाऱ्यांमध्ये सुमारे १०.२ टक्के आढळला.

उपचाराचा कणा म्हणजे व्यायाम. मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचे स्नायू दोन्ही मजबूत करणे वाटीच्या दुखण्यात सर्वाधिक उपयोगी ठरले आहे. फरक दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो. वाटीला पट्टी लावणे किंवा बुटात आधाराची गादी घालणे सुरुवातीच्या काळात वेदना कमी करते. शेक आणि विजेच्या यंत्रांवर मात्र विसंबता येत नाही.

धावणे शक्यतो पूर्ण थांबवू नये. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना तीनपर्यंत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली नसली, तर तेवढे अंतर गुडघ्याला झेपते. चालणे आणि धावणे आलटून पालटून करत आधी अंतर वाढवावे, मग वेग आणि शेवटी उतार. पावले थोडी आखूड करून मिनिटातली संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार घटतो.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया हे घाईचे उपाय नव्हेत. संधिवाताच्या गुडघ्यात दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिल्यास कुर्चा अधिक झिजते, असे २०१७ च्या एका चाचणीत दिसले. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेटचे इंजेक्शन २०२१ च्या चाचणीत सौम्य ते मध्यम संधिवातात मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. झिजेमुळे चिरलेल्या गादीचा भाग दुर्बिणीने काढण्याचा निकाल फिनलंडच्या २०१३ च्या चाचणीत नकली शस्त्रक्रियेइतकाच निघाला.

गुडघ्यात अचानक मोठी सूज येणे, गुडघा सरळच न होणे, पाय टेकवता न येणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप किंवा हाडावर बोटाने दाबल्यास एकाच जागी तीव्र दुखणे, ही लक्षणे असल्यास थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. शेवटचे लक्षण हाडाला बारीक तडा गेल्याचे असू शकते. परळचे १९२६ सालचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही मुंबई पालिकेची रुग्णालये आहेत. देशातले फिजिओथेरपीचे शिक्षणही १९५० च्या दशकात केईएममध्येच सुरू झाले. या दोन्ही रुग्णालयांत तपासणी आणि व्यायामाचे मार्गदर्शन अल्प खर्चात मिळते. तीन महिने नियमित व्यायाम करूनही फरक नसेल, तर तोच व्यायाम पुढे रेटण्याऐवजी निदान नव्याने तपासून घ्यावे.