आधी बोंझूर, मग रूम!

फ्रान्सचं हॉटेल नि ट्रेन दोन्ही मोबाइलवर बुक होतात, मग फ्रेंच कशाला? खरंय. पण बुकिंग कधीतरी गंडतं, आणि आडगावातल्या हॉटेलच्या काउंटरवर तुम्ही नि तिथल्या आजी समोरासमोर येता.

आधी 'बोंझूर'. ते न म्हणता थेट रूम मागितलीत, तर उद्धट ठराल. मग 'झ व्हूद्रे यून शाँब्र, पूर द न्वी', म्हणजे एक खोली हवीय, दोन रात्रींसाठी. वर 'सिल व्हू प्ले', प्लीज. उत्तर 'कोंप्ले' आलं, तर हॉटेल फुल्ल! स्टेशनवर 'आले साँप्ल' म्हणजे फक्त जायचं तिकीट, 'आले-रतूर' म्हणजे जाऊन-येऊन.

खरी विकेट पडते ती आकड्यांवर. भाडं ब्याण्णव युरो असेल, तर आजी म्हणणार 'कात्र-व्हँ-दूझ'. चार-वीस-बारा! हसू नका, आपल्याकडे खेड्यातल्या आज्ज्याही ऐंशीला 'चार विसा' म्हणायच्याच की. पंच्याहत्तर म्हणजे 'स्वासाँत-कँझ', साठ-पंधरा. जिनिव्हात मात्र ब्याण्णवला सरळ 'नोनाँत-द' म्हणतात. स्विस मंडळी शहाणी!

रीतसर शिकायचं तर पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे. तेवढी सवड नसेल तर रंकाळ्यावर फिरताना साठ ते शंभर मोठ्याने म्हणा. लोक बघतील, बघू देत. आणि ऐनवेळी आकडा कळलाच नाही, तर कागद-पेन पुढे करायचं: 'एक्रिव्हे, सिल व्हू प्ले'. लिहून द्या, प्लीज.